दोन तालमी : नट घडविणाऱ्या शाळेचा एक दिवस

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'नाटक' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक रंगमंचावरचा. तो आपण मोठ्या मानाने उच्चारतो. दुसरा रोजच्या बोलण्यातला. मूल हट्टाने रडू लागले की आई म्हणते, "नाटकं करू नकोस." कामचुकार गडी कमरेला हात लावून बसला की मालक म्हणतो, "सोंग घेतोय." म्हणजे नाटक हे खोटे आणि सोंग ही फसवणूक, असा निकाल आपल्या बोलीने आधीच देऊन टाकला आहे. आणि खोटे बोलणे तर कुणालाही न शिकवता येते. मग त्यासाठी शाळा कशाला, तीन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम कशाला, असा प्रश्न आमच्यासारख्या घरांत विचारला गेला तर त्यात नवल नाही.

पण त्याच मराठीत 'तालीम' हाही एक शब्द आहे, आणि त्यालाही दोन अर्थ आहेत. पहिलवान जिथे घाम गाळतो ती जागा म्हणजे तालीम, आणि प्रयोगापूर्वी नट मंडळी जो सराव करतात तीही तालीमच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'शिक्षण' असा आहे. कुस्ती आणि अभिनय या दोन वरवर वेगळ्या गोष्टींना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला, यात मला फार मोठे शहाणपण दिसते. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की नट हा जन्मत नाही आणि सोंगही आणत नाही. पहिलवानासारखाच तो रोजच्या दिनक्रमातून घडतो.

हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. मी हिवरे बाजारची. आमचे गाव आज पाण्यासाठी सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधी पंचक्रोशीत ते पहिलवानांचे गाव म्हणून ओळखले जाई. माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, तरुणपणी लाल मातीतले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. गेल्या वर्षी मी महाविद्यालयाच्या एकांकिकेत काम केले आणि पदवीनंतर नाट्यशिक्षण घ्यावे असे मनात आले. ते मनात ठेवून मी वाचू लागले, विचारू लागले. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहे.

कंपनीचे बिऱ्हाड

मराठी नाटकाचा प्रारंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस केलेल्या 'सीतास्वयंवर'च्या प्रयोगापासून मानतात. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि नाटक मंडळ्यांचे मोठे युग सुरू झाले. किर्लोस्कर मंडळीनंतर १९०८ ची ललितकलादर्श, १९१३ ची गंधर्व, १९१८ ची बळवंत अशा किती तरी मंडळ्या निघाल्या. त्या काळी अभिनयाची शाळा नव्हती, पण शिक्षण मात्र होते. कंपनीचे बिऱ्हाड हीच शाळा.

गावोगाव मुक्काम करणाऱ्या या मंडळ्यांत लहान वयाची मुले दाखल होत. कित्येकांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असे, ती येथे मिटे. एका पंगतीत जेवायचे, एका छपराखाली झोपायचे, सकाळी गाण्याची मेहनत करायची, मग नक्कल पाठ करायची. आपल्या वाट्याला आलेल्या भाषणांच्या वहीला 'नक्कल' म्हणत. पुढे तालीममास्तर सांगतील तसे उभे राहायचे, चालायचे, बोलायचे. प्रयोगाच्या रात्री काम नसले तर विंगेत उभे राहून मोठ्यांचे काम पाहायचे. तोही अभ्यासच.

या तालीममास्तरांत गोविंद बल्लाळ देवलांचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते. 'शारदा' (१८९९) लिहिणारे देवल आपल्याला पाठ्यपुस्तकांतून माहीत असतात, पण नट घडविणारे देवल तितकेच मोठे होते. गणपतराव बोडस आणि बालगंधर्व यांच्यासारखे नट त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायण राजहंस या तरुणाला गळा देवाने दिला होता हे खरे, पण रंगमंचावर स्त्रीचे चालणे, बसणे, लाजणे त्यांना शिकावेच लागले. ज्यांना आपण उपजत नट म्हणतो त्यांच्यामागेही असा कुणी ना कुणी मास्तर उभा असतो.

या शाळेला मर्यादा होत्या. कंपनीला लागेल तेवढेच शिक्षण मिळे. मालक बुडाला की विद्यार्थीही रस्त्यावर येई. आणि त्या बिऱ्हाडात मुलींना जागा नव्हती. स्त्रियांची कामे पुरुषच करीत. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, म्हणून ते वर्ष महत्त्वाचे मानतात. मात्र हे लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. तमाशाच्या बोर्डावर स्त्रिया त्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) घरच्याच फडात लहानपणापासून शिकल्या. फड हीही एक शाळाच होती. फरक इतकाच की तेथून बाहेर पडणाऱ्यांना समाजाने टाळ्या दिल्या, पण प्रतिष्ठा देताना हात आखडता घेतला. आमच्या घरी "नाटकात जाते" हे ऐकल्यावर आजीच्या कपाळावर जी आठी पडते ती या इतिहासातून आलेली आहे, हे मला आता कळते.

बिऱ्हाडाची शाळा झाली

स्वातंत्र्यानंतर नाट्यशिक्षणाला सरकारी आणि विद्यापीठीय आधार मिळाला. १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू केले. १९७५ पासून ती स्वायत्त संस्था झाली. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे इब्राहिम अल्काझी तिचे संचालक होते. त्यांचा जन्म पुण्याचा, १९२५ सालचा, आणि शिक्षण लंडनच्या नाट्य अकादमीतले. नटाला फक्त संवाद म्हणता येणे पुरेसे नाही, त्याला नेपथ्य, प्रकाश, वेषभूषा, नाटकांचा इतिहास हे सारे ठाऊक पाहिजे, ही शिस्त त्यांनी तेथे रुजविली. आजही तेथील पहिले वर्ष सर्वांना सारखेच असते. अभिनय की दिग्दर्शन-रचना ही वाट त्यानंतर फुटते. प्रवेशासाठी पदवी आणि काही नाटकांचा अनुभव लागतो, आणि विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. आमच्यासारख्यांना ही शेवटची गोष्ट सर्वांत आधी वाचावीशी वाटते.

महाराष्ट्रातही अशा जागा आहेत. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले. तेथे संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे शिक्षण गुरुकुलाच्या पद्धतीने दिले जाते, आणि नाटककार सतीश आळेकर यांनी बरीच वर्षे त्याची धुरा वाहिली. मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी २००३ मधली. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभागाने मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतील मुलांना वाट दाखविली. चित्रपटाच्या अभिनयासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत उभी राहिली. तिचा अभिनयाचा अभ्यासक्रम मध्यंतरी बरीच वर्षे बंद होता, तो २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला.

हे सर्व शहरी मुलांसाठी असेल, असे मला वाटत असे. पण आमच्या सीमेला लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून निघालेले वामन केंद्रे दिल्लीच्या विद्यालयात शिकले आणि २०१३ ते २०१८ या काळात त्याच विद्यालयाचे संचालक झाले. बीडचे आणि आमचे आभाळ एकच. पाऊस दोघांनाही सारखाच हुलकावणी देतो. तेव्हा वाट आहे, फक्त लांब आहे.

एका दिवसाचा क्रम

आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या एक ताई सध्या पुण्यात नाट्यशिक्षण घेत आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस मी त्यांच्याकडे राहून आले. वर्गांत कोपऱ्यात बसून पाहण्याची परवानगी मिळाली. जे पाहिले ते क्रमाने सांगते.

सकाळी साडेसहाला सर्वजण तालमीच्या हॉलवर हजर. चपला बाहेर. पहिले काम झाडण्याचे. ज्यांची पाळी असेल ते फरशी झाडतात आणि ओल्या फडक्याने पुसतात. मग एकेक जण जमिनीला हात लावून तो कपाळी नेतो आणि आत येतो. पुढचा दीड तास अंगमेहनत असते. सूर्यनमस्कार, मणक्याचे व्यायाम, तोल सांभाळून चालणे, पडणे आणि लागू न देता उठणे. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात दहा वेळा चालायचे, आणि दर वेळी शरीराचा वेगळा भाग पुढे काढून. छाती पुढे काढून चालणारा माणूस गर्विष्ठ दिसतो, पोट पुढे काढून चालणारा सुखवस्तू आणि डोके पुढे काढून चालणारा काळजीतला. कुणी काही बोलत नाही, तरी माणसे बदलत जातात.

नाश्त्यानंतर आवाज. आधी केवळ श्वास, पोटातून. मग ओठ मिटून गुंजन, मग स्वर, मग बाराखडी. पेन्सिल दातांत धरून उतारा वाचायचा आणि मग ती काढून तोच उतारा पुन्हा वाचायचा. जीभ कशी मोकळी होते ते ऐकणाऱ्यालाही कळते. मला सर्वांत जवळचा वाटला तो उच्चारांचा तास. आमच्याकडे 'ण'चा 'न' होतो. ज्या गावाने पाण्याचा हिशोब साऱ्या महाराष्ट्राला करून दाखविला त्या गावात आम्ही म्हणतो 'पानी'! शहरात या एका अक्षरावरून माणसाची किंमत होते, हा अनुभव खेड्यातून आलेल्या प्रत्येकाला आहे. त्या वर्गात सोलापूरकडच्या एका मुलाचे असेच होत होते. सरांनी त्याच्याकडून 'पाणी' वीस वेळा म्हणवून घेतले, आणि मग म्हणाले, "आता तुझं 'पानी' म्हण. ते विसरू नकोस. नटाला दोन्ही लागतात." प्रमाणभाषा शिकायची ती आपली बोली पुसण्यासाठी नव्हे, तर एकाच्या जागी दोन हत्यारे जवळ बाळगण्यासाठी. हे कुणी शाळेतच सांगितले असते तर आमच्यातली किती तरी मुले वर्गात बोलती झाली असती.

उन्हे वर आली की व्याख्याने असतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेष-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे अंतःकरणाच्या एकाग्रतेतून येणारा. आपण हे परीक्षेसाठी पाठ करतो. तेथे मला दिसले की हे चार प्रकार म्हणजे त्या शाळेचे वेळापत्रकच आहे. पहाटेचा आंगिक, सकाळचा वाचिक, दुपारी कापडचोपड आणि रंगांचा आहार्य. उरला सात्त्विक. त्याचा मात्र स्वतंत्र तास लावता येत नाही.

त्याच्याकडे जाणारी वाट दुपारच्या उत्स्फूर्त अभिनयात दिसली. सरांनी सांगितले, समोर पाण्याने भरलेला हंडा आहे, तो उचलून डोक्यावर घ्या आणि घरी न्या. हंडा अर्थातच नव्हता. पहिल्या मुलीने दोन्ही हात वर नेऊन तो झटकन उचलला. सर म्हणाले, "रिकामा आहे." दुसऱ्याने तोंड वेडेवाकडे करून फार जड असल्याचे दाखविले. सर म्हणाले, "हंडा जड आहे, चेहरा नाही." तिसरी मुलगी आधी गुडघ्यांत वाकली, हंडा मांडीवर टेकवला, दम घेतला आणि मग वर घेतला. डोक्यावर गेल्यावर तिची मान ताठ झाली, डोळे खाली न पाहता पाय वाट चाचपू लागले. हॉलमध्ये शांतता पसरली. तिने दुःखाचा आव आणला नव्हता. तिने फक्त वजन खरे केले होते, आणि बाकीचे आपोआप आले. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांनी नटाच्या शिक्षणावर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले ते एका नाट्यविद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात आहे. भावनेच्या मागे धावू नका, कृती खरी करा, म्हणजे भावना मागून येईल, हा विचार त्यांनी मांडला. मॉस्कोतल्या त्या विचाराची खूण मला डोक्यावरच्या हंड्यात पटली.

संध्याकाळी प्रयोगाच्या तालमी. एका गटाचे नाटक बसत असले तरी इतरांना सुट्टी नसते. कुणी दिव्यांवर, कुणी पडद्यामागे, कुणी खिळे ठोकायला. आज राजा झालेला मुलगा उद्या दुसऱ्याच्या नाटकात खुर्च्या उचलतो. रात्री दहाला सारे थकून परततात, आणि त्यानंतर निरीक्षणाची वही लिहायची असते. आज बसस्टॉपवर, भाजीबाजारात, दवाखान्यात कोण माणूस दिसला, तो कसा उभा होता, बोलताना हातांचे काय करीत होता. ताईंच्या वहीत एका दिवसाचे पान केवळ एका म्हाताऱ्याने चष्मा पुसला त्यावर भरले होते.

या दिवसात झगमगाट कोठेच नाही. टाळ्या नाहीत. तेच तेच पुन्हा करणे मात्र भरपूर आहे.

शिकवून नट होतो का?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि आम्हा नगरकरांना तो घेण्याचा अधिकारच आहे. सदाशिव अमरापूरकर (१९५०–२०१४) कोणत्या नाट्यविद्यालयात गेले होते? आपल्याच शहरातला हा नट हौशी आणि व्यावसायिक रंगभूमीवर काम करता करता मोठा झाला. १९८३ च्या 'अर्धसत्य' चित्रपटात त्यांचा रामा शेट्टी समोर येतो तेव्हा आवाज न चढवताही धाक वाटतो. आणि त्या चित्रपटात त्यांच्यासमोर कोण आहे? ओम पुरी. दिल्लीचे नाट्य विद्यालय आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट अशा दोन्ही शाळांतून शिकलेला नट. एक शाळेतला, एक शाळेबाहेरचा. समोरासमोर बसतात तेव्हा कोण शिकलेला आणि कोण न शिकलेला हे प्रेक्षकाला ओळखता येत नाही.

मग शाळा व्यर्थ का? मला तसे वाटत नाही. अमरापूरकरांची शाळा म्हणजे नगरची रंगभूमी, राज्य नाट्यस्पर्धांनी जोपासलेली हौशी नाटकाची परंपरा. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. याच नगरच्या एका महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले मधुकर तोरडमल पुढे 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मुळे घराघरांत पोचले. शहरात वाढणाऱ्याला असा शेजार मिळतो, रोज संध्याकाळी तालमीला जाता येते. आमच्या गावी जाणारी शेवटची एस.टी. चुकली की मुक्काम! ज्याला असा शेजार नाही त्याच्यासाठी शाळा असते. पंजाबातल्या साध्या घरातून आलेल्या ओम पुरींना विद्यालयात इंग्रजीची भीती वाटे, न्यूनगंड वाटे, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्यांना शाळेने प्रतिभा दिली नाही. दिली ती जागा, वेळ आणि सोबत. प्रतिभा असलेल्या गरिबाकडे नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.

घरातला हिशोब

पुण्याहून परतल्यावर मी हे घरी सांगितले. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "त्यात काय शिकायचं असतं? तोंडाला रंग लावायचा अन् बोलायचं." मी दिवसाचा क्रम सांगू लागले. आबा बाजेवर पडून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारले, "ती फरशी कोन झाडतं?"

मी म्हणाले, "मुलंच झाडतात. पाळ्या असतात."

"शिपाई न्हाई?"

"आहे. पण तालमीची जागा मुलंच झाडतात."

आबा उठून बसले. म्हणाले, "आमच्या तालमीत बी माती आम्हीच उकरायचो. वस्तादानं पयले सहा म्हैने तेवढंच करून घेतलं. ज्यानं माती उकरली न्हाई त्याला ती झेलत न्हाई." मग अण्णांकडे पाहून म्हणाले, "तिथं शिकवत्यात म्हन्जे शिकवत्यात."

त्यांच्या काळी बायकांनी तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही अशी रीत होती. त्या माणसाने आपल्या नातीच्या तालमीला तालीम मानले, याचे मोल मला प्रमाणपत्राहून अधिक वाटते. अण्णांचे समाधान मात्र झालेले नाही, आणि त्यांचा प्रश्न खोटाही नाही. तीन वर्षे कमाई नाही, शिकून बाहेर पडल्यावर कामाची हमी नाही. नाट्यशिक्षण घेतलेले कित्येक जण पुढे शिकवण्या घेतात, संहिता लिहितात, आवाज देतात, किंवा वेगळीच नोकरी करतात. हे लपवून कुणाला नाट्यशाळेचे स्वप्न दाखविणे ही खरी फसवणूक होईल.

आमच्या गावात दरवर्षी पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडले, किती मुरले, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती राखायचे आणि उरल्यावर कोणते पीक घ्यायचे. पाणी थोडे असेल तर जास्त पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. मी लहानपणापासून हे पाहत आले आहे, म्हणून अण्णांपुढे मी स्वप्न न मांडता ताळेबंद मांडला. पदवीचे एक वर्ष बाकी आहे, ते पूर्ण करायचे, कारण दिल्लीच्या प्रवेशाला पदवी लागते. या वर्षात जमतील तितक्या एकांकिका करायच्या. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांना रंगमंच देत आली आहे. प्रवेश मिळालाच तर विद्यावेतनावर भागवायचे. नाही मिळाला तर शिक्षणशास्त्राची पदवी घ्यायची आणि खेड्यातल्या शाळेत मुलांना आधी श्वास घ्यायला आणि मग न लाजता बोलायला शिकवायचे. अण्णांनी ऐकून घेतले. "बघू," म्हणाले. आमच्या घरात 'बघू' हा नकार नसतो.

आमच्या गावचा डोंगर हिरवा झाला तो एका पावसाने नव्हे. वर्षानुवर्षे श्रमदानाने चर खणले गेले, बांध घातले गेले, कुऱ्हाड आणि चराई बंद ठेवली गेली, तेव्हा पाणी थांबले. बाहेरून येणारे पाहुणे हिरवळ पाहतात. चर कुठे कुठे आहेत ते गावकऱ्याला ठाऊक असते. रंगमंचावरच्या नटाकडे आपण पाहुण्यांसारखे पाहतो. त्याच्या पहाटेच्या फरशीकडे, दातांतल्या पेन्सिलीकडे, रात्रीच्या वहीकडे एकदा गावकऱ्याच्या नजरेने पाहावे, एवढीच माझी वाचकांना विनंती आहे. मग 'नाटकं करू नकोस' असे म्हणताना आपलीच जीभ क्षणभर अडखळेल.